वाचा यंत्राची, बोल कोणाचे?

१९८५ साली जिनिव्हाच्या मुक्कामी स्टीफन हॉकिंग यांना न्यूमोनियाने गाठले, आणि प्राण वाचवण्यासाठी श्वासनलिकेवर कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत त्यांची उरलीसुरली वाचाही कायमची गेली. पुढे त्यांच्या चाकांच्या खुर्चीला जे यंत्र जोडले गेले, त्यातील आवाज एमआयटीचे संशोधक डेनिस क्लाट यांनी स्वतःच्या वाणीवरून घडवलेला, अमेरिकी वळणाचा होता. परंतु या इंग्रज शास्त्रज्ञाने तो असा काही आपलासा केला की, अधिक सुरेल आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी तो बदलू दिला नाही. उलट, कर्करोगामुळे २००६ मध्ये वाचा गमावलेले चित्रपटसमीक्षक रॉजर एबर्ट यांना परका आवाज रुचेना, म्हणून एडिंबरोच्या सेरेप्रॉक कंपनीने त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचीच वाणी पुन्हा सिद्ध केली. दोघांचेही, माझ्या मते, बरोबरच होते.

आवाजाची निवड निदान जगाला ऐकू तरी येते. पहिल्या अक्षरांवरून पुढचा शब्द सुचवण्याचे, म्हणजे शब्दसुचवणीचे, यंत्राचे काम मात्र गुपचूप चालते. गालाच्या स्नायूच्या किंचित हालचालीने एकेक अक्षर निवडणाऱ्या हॉकिंगांचे श्रम वाचावेत म्हणून इंटेलने सज्ज केलेल्या प्रणालीला त्यांची पुस्तके व व्याख्याने शिकवण्यात आली होती. ते सारे वाङ्मय मुळातच प्रकट होते. सामान्य माणसाचे यंत्र मात्र त्याच्या रोजच्या बोलण्यावर पोसले जाते: आजाराची लाज, पैशाची चणचण, कोणावर जडलेला जीव, आणि ज्या सेविकेच्या हातून दोन घास पोटात जातात तिच्याविषयीची तक्रारसुद्धा. दुसऱ्या दिवशी तीच सेविका पडदा पुसू लागली आणि चुकून एका अक्षराला बोट लागून कालचा शब्द वर आला, तर त्या गृहस्थाने काय करावे? आपण बोललेले वाऱ्यावर विरून जाते. त्याचे बोलणे दप्तरी दाखल होते. त्यातच यंत्राचा पडदा खुर्चीमागे उभा असलेल्या कोणालाही वाचता येतो, तोही वाक्य पुरे होण्याआधी, म्हणजे बोलावे की खोडावे हे बोलणाऱ्याचे ठरण्यापूर्वीच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तथापि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यात, कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तीला अज्ञान मुलांच्याच पंक्तीला बसवून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाची संमती आवश्यक केली आहे. हेतू संरक्षणाचा असेल. पण फिर्याद खुद्द पालकाविरुद्धच असली तर ही मुखत्यारी कोणाच्या कामाची? कायदा सुधारेल तेव्हा सुधारो; तोवर यंत्र बसवून देणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाने साठवलेले संभाषण पुसण्याची आणि शब्दसुचवणी थांबवण्याची कळ कोठे आहे हे घरच्यांआधी त्या व्यक्तीलाच दाखवावे, आणि ती तिच्या स्वतःच्या हालचालीने दाबता येते की नाही, याची तेथेच खात्री करून घ्यावी.