कोमट वाऱ्याची सूचना

मराठवाड्यांतील मोटारीला हीटर हवा कशाला, असा प्रश्न कोणीहि विचारील. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्याचा ताप सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु पौषांतील पहाटे नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातुरास निघालें, म्हणजे समोरची कांच आंतून धुरकट होते, रस्ता दिसेनासा होतो आणि हीटरची आठवण होते. कळ फिरवावी तों ऊन वाऱ्याऐवजीं कोमट वारा येतो. थंडी दोन महिन्यांची, चालवून घेऊं, असें म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करितों. हें दुर्लक्ष पुढें फार महाग पडतें. तें कसें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हीटर म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता निघते, तिचा सुमारें तिसरा हिस्साच मोटार चालविण्याच्या कामीं येतो. बाकीची कांहीं धुराबरोबर जाते व कांहीं इंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी घेऊन जातें. हें पाणी पुढच्या रेडिएटरमध्यें निवतें. त्याच पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांनीं आंत आणून एका लहान रेडिएटरमधून फिरवितात व त्यावरून पंख्यानें वारा सोडतात. हाच हीटर. म्हणजे त्याची ऊब ही इंजिनाकडून उसनी घेतलेली ऊब होय. वारा कोमट आला, तर पाणी कमी आहे, पुरतें तापत नाहीं, अथवा नीट फिरत नाहीं, असा संशय घ्यावा.

पहिलें कारण पाण्याची तूट. पाणी घटलें कीं हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. इंजिन पूर्ण थंड असतां टाकीवरील खुणेपर्यंत पाणी आहे कीं नाहीं, तें पाहावें. वरचेवर कमी होत असल्यास गळती शोधावी. मात्र तापलेल्या इंजिनाचें झांकण कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांपलीकडे गेलें तरी उकळत नाहीं. झांकण सैल होतांच तें वाफ होऊन तोंडावर उसळतें.

दुसरें कारण थर्मोस्टॅट. ही एक लहानशी झडप असून तिच्यांत मेण असतें. पाणी ८० ते ९० अंशांच्या सुमारास तापलें कीं मेण वितळून फुगतें, झडप उघडते व पाणी रेडिएटरकडे जातें. तोंवर इंजिन ऊब धरून राहतें. इकडच्या उन्हांत हिचें काय काम, असें म्हणून कित्येक मिस्त्री ती काढूनच टाकतात. मग पाणी सतत निवत राहतें, इंजिन वेळेवर तापत नाहीं, तेल अधिक जळतें व भाग लवकर झिजतात. झडप उघडी अडकली तरी हाच परिणाम. थंड इंजिन सुरू करतांच रेडिएटरची वरची जाड नळी लगेच कोमट होऊं लागली, तर दोष येथें आहे असें समजावें व नवी झडप बसवावी.

तिसरें कारण तर आपल्या घरचेंच आहे. बोअरचें पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशीं पांढरें पुट धरतें, तें सर्वांनीं पाहिलें आहे. पाण्यांत विरघळलेला चुना तापल्यानें वेगळा होऊन तेथें बसतो. हीटरच्या बारीक नळ्यांतहि तेंच घडतें. सन २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलुखांत हाताशीं येईल तें पाणी रेडिएटरमध्यें ओतलें जातें, यांत नवल नाहीं. परंतु मोटारीस लागतें तें थोडें. तेवढें तरी डिस्टिल्ड असावें व त्यांत कारखान्यानें सांगितलेल्या प्रमाणांत कूलंट घालावें. कूलंट केवळ बर्फाळ प्रदेशासाठीं नव्हे; तें गंज रोखतें व पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें. तें विषारी असतें, म्हणून मुलें व जनावरें यांपासून दूर ठेवावें.

आतां परीक्षा. इंजिन तापल्यावर तें बंद करून, पंख्यापासून हात दूर ठेवून, हीटरच्या दोन्ही नळ्यांस जपून बोट लावावें. एक ऊन व दुसरी बरीच थंड असेल, तर आंत क्षार सांचला आहे. दोन्ही कोमट असतील, तर पहिलें किंवा दुसरें कारण. दोन्ही चांगल्या ऊन असूनहि वारा कोमट असेल, तर पाण्याचा दोष नाहीं. आंतील गार व ऊन वारा मिसळणारें दार अडकलें आहे.

पौषांत ज्या पाण्याच्या तुटीनें अथवा क्षारानें केवळ वारा कोमट होतो, त्यांनींच वैशाखांत इंजिन तापून निकामी होतें, आणि तेंहि भर रस्त्यांत, घरची मंडळी आंत बसलेलीं असतां. थोडक्या खर्चाची दुरुस्ती थंडींतच करून घ्यावी, अशी पालकांस आमची विनंति आहे. विद्यार्थ्यांनीं ती पाहावयास मिस्त्र्याजवळ अवश्य उभें राहावें. उष्णतेचा धडा तेथें पुस्तकापेक्षां लवकर समजतो.