हिरव्या अक्षरांची लिबुशे

१६ सप्टेंबर १८१७. बोहेमियातल्या ड्वूर क्रालोवे गावच्या चर्चच्या मनोऱ्यात, जुन्या लढायांतले बाण पडलेल्या एका कोंदट खोलीत, वाच्लाव हांका नावाच्या २६ वर्षांच्या तरुणाने कपाटामागे हात घातला आणि चर्मपत्राची चिमुकली पानं बाहेर काढली. १२ पानं आणि काही अरुंद कातरलेल्या पट्ट्या. त्यांवर जुन्या चेक भाषेतली वीरगीतं आणि प्रेमगीतं.

चेक सुशिक्षितांना आभाळ ठेंगणं झालं. राज्य व्हिएन्नाचं, कचेरीची भाषा जर्मन. जर्मनांपाशी निबेलुंगांचं महाकाव्य, रशियनांपाशी ईगोरची गाथा; आपल्यापाशी काय, या सवालाला आता उत्तर मिळालं होतं.

पुढच्याच वर्षी आणखी मोठा नजराणा आला. प्रागमध्ये नव्याने स्थापन होत असलेल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी एका उच्चाधिकाऱ्याच्या नावे पाकीट आलं: आत ४ चर्मपत्रं, सोबत पेन्सिलीने लिहिलेलं निनावी पत्र. आपला धनी जर्मनधार्जिणा आहे, त्याच्या हाती पडलं तर तो हे जाळून टाकेल, असा त्यातला मजकूर. पानांवरची अक्षरं हिरवी होती. काव्यात होती लिबुशे, चेक राजवंशाची दंतकथेतली आदिमाता. ख्रुदोश आणि श्चाह्लाव हे दोन भाऊ वारशावरून भांडतात, थोरल्याला जर्मन रिवाजाप्रमाणे सगळं हवं असतं, आणि लिबुशे न्यायासनावर बसते. तिच्याजवळ कायद्याच्या पाट्याही आहेत! म्हणजे नवव्या-दहाव्या शतकात चेकांकडे लेखन होतं, कायदा होता, जर्मनांकडून उसनं काही घ्यायची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या देशभक्ताला जे जे हवं, ते सारं त्या ४ पानांत हजर. मला तर इथेच शंका आली असती.

आली, पण हांकाच्या गुरूंना. योझेफ दोब्रोव्स्की म्हणजे स्लाव्ह भाषाशास्त्राचे पितामह. लिबुशेची कथा जुनीच होती. इतिवृत्तकार कोस्मासने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. पण हे काव्य त्यांना ताजं वाटलं. संशय गेला तो हांका आणि एकाच घरात राहणारा त्याचा मित्र योझेफ लिंडा यांच्यावर. १८२४ मध्ये दोब्रोव्स्कींनी हे काव्य बनावट असल्याचं जाहीर केलं. गंमत अशी, की मनोऱ्यातली पानं मात्र त्यांनीही खरी मानली.

देशाने म्हाताऱ्याचं ऐकलं नाही. इतिहासकार पालात्स्की हस्तलिखितांच्या बाजूने उभे राहिले. १८५८ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राने हांकावर बनावटीचा आरोप केला. हांकाने खटला भरला आणि जिंकला. १८६१ मध्ये तो वारला, तेव्हा राष्ट्रपुरुषाला साजेशी अंत्ययात्रा निघाली. १८८१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा पडदा उघडला तो स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने, आणि रंगमंचावर तेच दोन भाऊ भांडत होते.

मग फेब्रुवारी १८८६. तोमाश मासारिक यांच्या ‘आथेनेउम’ मासिकात यान गेबाउअर यांचा लेख आला. गेबाउअर यांचं हत्यार व्याकरण. अस्सल जुनी चेक हस्तलिखितं त्यांनी आयुष्यभर चाळली होती. त्यांना दिसलं, की या पानांतली क्रियापदांची कित्येक रूपं दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. उलट हांकाच्या काळातल्या विद्वानांना जुन्या भाषेबद्दल जे गैरसमज होते, तेच इथे ‘मध्ययुगीन’ म्हणून अवतरले आहेत. शाई, चर्मपत्र, वळणदार अक्षर, हे सगळं साधता येतं. पण पुढच्या पिढीने लावायचे भाषेचे नियम आधीच कळणार कसे? बनावटकार नेमका तिथे पकडला गेला.

लेखाने आग लावली. वर्तमानपत्रांनी मासारिक यांना देशद्रोही ठरवलं. खोट्या पायावर राष्ट्राचा अभिमान उभा राहू नये, हे त्यांचं म्हणणं. ते त्यांनी सोडलं नाही. १९१८ मध्ये स्वतंत्र चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेच मासारिक झाले.

हांका आणि लिंडा यांनी कधीच कबुली दिली नाही. हात कोणाचा, याचा कागदी पुरावाही मिळालेला नाही. पानं कोणी लिहिली हे प्रकरण म्हणून उघडं आहे. ती मध्ययुगातली नाहीत, हे मात्र गेबाउअर यांच्या व्याकरणाने कायमचं मिटवलं.