दुष्काळांत मनास आधार : दात्यांनीं कोणती कसोटी लावावी?

धान्य, कडबा व पिण्याचें पाणी यांकरितां दुष्काळनिधीस पैसा द्यावा, हें उदार व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांस आम्हीं नव्यानें सांगावयास नको. परंतु अलीकडे दात्यांच्या दारीं चौथी एक मागणी येऊं लागली आहे. संकटानें खचलेल्या माणसाच्या मनास आधार देणाऱ्या संस्थांची ही मागणी होय. दिलेल्या धान्याचें वजन करतां येतें. दिलेल्या धीराचें वजन कोणत्या काट्यावर करावें, असें हिशेबी गृहस्थ विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उत्तरही आहे.

आंबेगांव तालुक्याचे दोन भाग जणूं दोन निराळे मुलूख आहेत. पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरांत मुसळधार पाऊस व घोड नदीवर डिंभ्याचें धरण. पूर्वेस लोणी-धामणीकडे मात्र पाण्याची कायमची ओढ. ३० जुलै २०१४ रोजीं याच तालुक्यांत माळीण गांवावर डोंगर कोसळून १५१ माणसें दगावलीं, तेव्हां सर्व देशाची दृष्टि तिकडे वळली. दुष्काळ असा एका सकाळीं कोसळत नाहीं. विहीर आटते, बैल बाजारांत जातात, मुलीचें लग्न लांबणीवर पडतें, कर्जाचा तगादा सुरू होतो; आणि घरचा कर्ता पुरुष हळूहळू बोलेनासा होतो. बाई पाण्याच्या हंड्यापायीं दिवस घालवते व रात्रीं तिला झोप येत नाहीं. ज्यास डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात, तें बहुधा असेंच पावलापावलानें येतें. अशा माणसास मदतीचा अर्ज भरण्यासही उठवत नाहीं. म्हणजे आपण पाठविलेली मदत ज्यास अधिक हवी, त्याच्याच हातीं ती उशिरा पडते. म्हणून हें काम चैनीचें नव्हे.

आतां पुराव्याकडे वळूं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भाचें नांव सर्वतोमुखीं झालें. तेथें अमरावती जिल्ह्यांत 'विश्राम' नांवाचें काम चाललें. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेली 'संगाथ' संस्था त्यांत प्रमुख होती. गांवांतीलच माणसांस शिकवून तयार करावें, त्यांनीं घरोघर जाऊन दुःखी माणूस ओळखावा, समुपदेशकानें त्याच्याशीं बोलावें, आणि दुखणें भारी असल्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवावें, अशी ही रचना होती. ३० गांवांत कामापूर्वीं व अठरा महिन्यांनंतर पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. डिप्रेशन असलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ४.३ जणच कोणाकडे मदतीस जात; तें प्रमाण शेंकडा २७.२ वर गेलें. विकाराचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर उतरलें.

हे आंकडे आनंददायक आहेत. तथापि साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करावी लागते. मदत घेणारे वाढले, हें संस्थेच्या पदरीं घालण्यास हरकत दिसत नाहीं. विकार मात्र कामामुळेंच कमी झाला, कीं पाऊसपाणी बदलल्यामुळें, हें त्या पाहणीवरून ठरत नाहीं. कारण काम न झालेलीं तशींच गांवें तुलनेस घेतलीं नव्हतीं.

ही उणीव गोव्यांतील दुसऱ्या प्रयोगांत भरून निघाली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सुमारें पांचशें रोगी घेऊन, सोडत काढावी तसे त्यांचे दोन गट केले. एकास नेहमींची वैद्यकीय व्यवस्था, दुसऱ्यास तिच्या जोडीला सामान्य शिक्षित समुपदेशकाशीं सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनीं पहिल्या गटांत शेंकडा ३९ जण विकारांतून बाहेर आले, दुसऱ्यांत शेंकडा ६४. यांत मर्म असें आहे कीं, एखादी संस्था 'शंभरांत चौसष्ट बरे केले' असें म्हणेल, तर तिच्या खात्यावर पंचवीसच जमा करावे; बाकीचे एरव्हींही बरे झाले असते. पण पंचवीस माणसें उठून कामास लागणें हीही थोडी गोष्ट नव्हे.

तेव्हां आमची विनंती अशी कीं, लोणी व भोवतालच्या गांवांकरितां कोणी संस्था पैसा मागेल, तर दात्यांनीं पुढील गोष्टी विचाराव्या. सभा व व्याख्यानें किती झालीं, हें विचारूं नये. किती माणसें आरंभीं दुःखी होतीं व नंतर किती राहिलीं, हें विचारावें. मोजणी संस्थेच्याच नोकरांनीं केली कीं त्रयस्थानें? मध्येंच सोडून गेलेले हिशेबांत आहेत काय? दर बऱ्या झालेल्या माणसामागें खर्च किती? भारी दुखण्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेण्याची सोय आहे काय? सांगितलेली गोष्ट चावडीवर जात नाहीं ना? आणि कर्ज, पाणी व चारा यांची अडचण ऐकून संस्था त्या माणसास योग्य कचेरीपर्यंत पोंचविते काय? पोट रिकामें ठेवून नुसत्या गोड शब्दांनीं मन भरत नाहीं.

कायद्याची भीति दाखवून कोणी दुःख लपवीत असेल, तर त्यास सांगावें कीं काळ बदलला आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणारास तीव्र तणावाखालील माणूस मानलें. आणि १ जुलै २०२४ पासून जुनें कलम ३०९ दंडविधानासह गेलें. सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य आहे. ती असतांना संस्थेनें आणखी काय करावयाचें, हाही प्रश्न दात्यानें विचारावा. आमच्या मतें उत्तर एकच : ज्यास फोन उचलण्याचाही धीर नाहीं, त्याच्या ओट्यावर जाऊन बसणें.

धान्याच्या वर्गणींतून यासाठीं एक पैही कापूं नये. ही वर्गणी निराळी असावी. ती एका हंगामाची नसून निदान दीड वर्षाची असावी, कारण पाऊस पडल्याबरोबर कर्ज फिटत नाहीं व खचलेलें मन एका दिवसांत उभें राहत नाहीं. दात्यांनीं हात आंखडूं नये, आणि हिशेब मागण्यास संकोचूंही नये. हिशेब मागणारा दाता हाच चांगल्या संस्थेचा खरा मित्र होय.