कारण सापडत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करावी का?

तंजावर (तामिळनाडू) : तंजावरपासून सुमारे वीस किलोमीटरवरील तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षाम्बिका मंदिरात तुपाचा प्रसाद घेण्यासाठी अपत्याची आस असलेली दांपत्ये दूरदूरहून येतात. या नगरीला हे दुःख नवे नाही. वारस न उरल्याने तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले होते. आजच्या दांपत्यांपुढे मात्र निराळा पेच असतो. सर्व तपासण्या ठीक, तरीही पाळणा रिकामाच.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा होत नाही. स्त्रीबीज नियमित तयार होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत, वीर्य तपासणीही समाधानकारक आहे. अशा स्थितीस अज्ञात कारणाचे वंध्यत्व म्हणतात. त्यावर ‘एकदा पोटात दुर्बीण घालून पाहू’ असा सल्ला अनेकदा दिला जातो. सोनोग्राफीत न दिसणारा सौम्य एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची गर्भाशयाबाहेर झालेली वाढ, दुर्बिणीतून सापडू शकतो आणि त्याच वेळी काढताही येतो.

या सल्ल्याला आधार आहे. कॅनडात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य एंडोमेट्रिओसिस काढून टाकलेल्या १७२ पैकी ५० स्त्रियांची गर्भधारणा वीस आठवड्यांपुढे टिकली. नुसती दुर्बिणीने पाहणी झालेल्या १६९ स्त्रियांत ही संख्या २९ होती. इटलीतील लहान अभ्यासात मात्र असा लाभ दिसला नाही.

कॅनडाचे आकडे मान्य केले, तरी एका अधिकच्या गर्भधारणेसाठी आठ-नऊ रुग्णांवर उपचार करावे लागतात. तेही आजार असेल तरच. दुर्बिणीने तपासलेल्या तीन स्त्रियांपैकी एकीलाच तो निघाला असे धरले, तर तो एक लाभ मिळवण्यासाठी सुमारे पंचवीस जणींना भूल द्यावी लागेल. हा हिशेब सल्ला देताना क्वचितच मांडला जातो. आतडे, मूत्राशय किंवा रक्तवाहिनीला इजा होण्यासारखी गंभीर गुंतागुंत हजारांत सुमारे दोघींना होते. शिवाय रुग्णालयाचे बिल, बुडालेली मजुरी आणि सर्वांत महाग म्हणजे वाया जाणारे महिने.

पर्याय दुबळा नाही. न्यूझीलंडमधील २०१ दांपत्यांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांसह आययूआयच्या तीन फेऱ्या दिलेल्यांपैकी ३१ टक्के दांपत्यांना अपत्य झाले. केवळ वाट पाहणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. युरोपीय तज्ज्ञ संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशा दांपत्यांसाठी प्रथम औषधांसह आययूआय सुचवले असून सरसकट दुर्बीण तपासणीची शिफारस केलेली नाही.

पाळीच्या वा संबंधांच्या वेळी तीव्र वेदना, सोनोग्राफीत दिसलेली गाठ, नलिकेत अडथळ्याची शंका असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो छुपा असतो आणि काही वेळा दुर्बिणीतूनच उघड होतो. त्यावर इलाज औषधांचा आहे. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने मात्र शस्त्रक्रियेत वर्ष घालवण्यापूर्वी थेट आयव्हीएफविषयी विचारणे रास्त ठरते.

आणि फाईलमध्ये पतीच्या वीर्य तपासणीचा अहवालच नसेल, तर ‘अज्ञात कारण’ हे निदान अद्याप झालेलेच नाही. ती स्वस्त, बिनभुलीची तपासणी पत्नीच्या शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी.