विषाणूचे नमुने आणि लसीचा वाटा : जागतिक आरोग्य संघटनेच्या भूमिकेची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्याचा विचार करताना देवीच्या निर्मूलनाचा उल्लेख हटकून केला जातो व तो यथोचितही आहे. तथापि या संघटनेचा अधिकार कोठे संपतो, हे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंच्या देवाणघेवाणीत अधिक स्पष्टपणे दिसून येते.

इन्फ्लुएन्झावर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे संघटनेने १९५२ मध्ये उभारले. सदस्य राष्ट्रे रुग्णांचे नमुने पाठवितात, संदर्भ प्रयोगशाळा ते तपासतात आणि त्यावरून लसीसाठी योग्य विषाणू निश्चित होतो. लसीचे उत्पादन मात्र प्रामुख्याने खासगी कंपन्या करतात. नमुने विनामूल्य आणि लस विकत, असा हा व्यवहार कित्येक दशके चालला.

२००७ च्या आरंभी इंडोनेशियाने एच५एन१ म्हणजेच बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबविले. या रोगाने तोवर सर्वाधिक माणसे त्याच देशात दगावली होती. इंडोनेशियातील विषाणूपासून ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने लस विकसित केली. प्रत्यक्ष साथ आल्यास ती आपल्या जनतेच्या वाट्याला येणार नाही, अशी तत्कालीन आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांची तक्रार होती. जनुकीय संसाधनांवरील राष्ट्रांचा सार्वभौम हक्क १९९२ च्या जैवविविधता कराराने मान्य केला होता. त्याचाच आधार या भूमिकेला होता. नमुने रोखल्याने साऱ्या जगाला धोका पोहोचतो, ही टीका खोटी नव्हती. परंतु नमुने न रोखता ही तक्रार कोणी ऐकून घेतली असती, असे मानण्यास फारसा आधार नाही.

दीर्घ वाटाघाटींनंतर मे २०११ मध्ये संघटनेने याविषयीची चौकट स्वीकारली. नमुन्यांचा लाभ घेणाऱ्या उत्पादकांनी लसीचा किंवा औषधांचा काही भाग देण्याचे करार करावेत, असे तीत ठरले. ही चौकट केवळ महासाथ पसरवू शकणाऱ्या इन्फ्लुएन्झापुरती होती. त्यामुळे चिनी संशोधकांनी ११ जानेवारी २०२० रोजी नव्या कोरोना विषाणूचा जनुकक्रम जाहीर केला, तेव्हा त्यावरून लस बनविणाऱ्यांवर तशा स्वरूपाचे कोणतेही बंधन नव्हते.

उरला तो 'कोव्हॅक्स'चा स्वेच्छेचा मार्ग. फेब्रुवारी २०२१ मध्ये या योजनेची पहिली खेप घानाला पोहोचली, ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या लसीची. पुढे भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. कोव्हॅक्सचा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत पूर्ववत झाला नाही. भारताचा निर्णय समजण्यासारखा होता. अनेक गरीब देशांची सारी भिस्त प्रामुख्याने एकाच पुरवठादारावर ठेवणारी योजना मात्र सदोष होती. २०२१ अखेर दोनशे कोटी मात्रा देण्याचे उद्दिष्ट असताना निम्म्याही पोहोचल्या नाहीत.

२० मे २०२५ रोजी स्वीकारलेल्या महासाथ करारात सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळात उत्पादनाचा वीस टक्के भाग संघटनेस उपलब्ध करून द्यावा, त्यातील किमान निम्मा देणगी म्हणून, असे उद्दिष्ट आहे. नमुने कोणत्या अटींवर द्यावयाचे, हा मूळ वाद मात्र स्वतंत्र परिशिष्टाकडे सोपविण्यात आला आणि ते संमत झाल्यावरच करार सह्यांसाठी खुला करावा, असे ठरले.