अनामिक बालकाचें वय

मोठ्या माणसास वय विचारलें तर तो स्वतः सांगतो. लहान मुलाचें विचारलें तर त्याची आई सांगते. परंतु एखादें बालक मृतावस्थेंत सांपडलें, त्याचें नांव, गांव, आईबाप यांपैकीं कांहींच ठाऊक नसलें, आणि त्याला ओळखणारें कोणीच पुढें आलें नाहीं, तर त्याचें वय कोणास विचारावें? हा प्रश्न अनेक देशांतील पोलिसांपुढें व वैद्यांपुढें उभा राहिलेला आहे. कित्येक वेळां अशा बालकाची ओळख पटण्यास साठ साठ वर्षें लागलीं आहेत. वय ठरविण्याची रीत काय, तिच्यावर विश्वास कितपत ठेवावा, आणि तिच्यांत चूक झाली तर कोणता अनर्थ ओढवतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इतर गोष्टी सोडून प्रथम वयच कां शोधावयाचें, असें कोणी विचारील. त्याचें कारण उघड आहे. हरवलेल्या मुलांच्या याद्या लांबलचक असतात. त्यांतून एक नांव निवडावयाचें तर पहिली चाळण वयाचीच लावावी लागते. सांपडलेलें बालक चार वर्षांचें ठरलें तर दहा वर्षांच्या हरवलेल्या मुलांचा विचार करण्याचें कारण उरत नाहीं. चाळण नीट असली तर काम सोपें होतें. परंतु तिचीं भोकें वाजवीपेक्षां बारीक असलीं, तर जो दाणा हवा तोच वर अडकून राहतो आणि कोंड्याबरोबर फेंकला जातो. ही गोष्ट पुढें एका उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या फॉक्स चेस नांवाच्या भागांत २५ फेब्रुवारी १९५७ रोजीं एका पुठ्ठ्याच्या खोक्यांत एका लहान मुलाचा मृतदेह सांपडला. मुलाची उंची सुमारें चाळीस इंच व वजन सुमारें तीस पौंड होतें. म्हणजे त्याला पोटभर अन्नहि मिळत नसावें. पोलिसांनीं त्याच्या चेहऱ्याचीं चित्रें छापून लाखोंच्या संख्येनें घरोघर पोंचविलीं, त्याच्या पावलांचे ठसे इस्पितळांतील नोंदींशीं ताडून पाहिले. तरी त्याला ओळखणारें कोणी आलें नाहीं. वैद्यांनीं त्याचें वय चार ते सहा वर्षांच्या दरम्यान असावें असें सांगितलें. हें उत्तर त्यांनीं कसें काढलें असेल? अशा प्रसंगीं मुख्यतः दोन साक्षीदार उपयोगीं पडतात. एक दांत व दुसरीं हाडें.

प्रथम दांतांची साक्ष घेऊं. बाळाचा पहिला दांत साधारणपणें सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसूं लागतो, आणि अडीच-तीन वर्षांत दुधाचे वीसहि दांत येऊन चुकतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागें पहिली कायमची दाढ येते व पुढचे दांत पडूं लागतात. बाराव्याच्या सुमारास दुसरी दाढ येते. अक्कलदाढ मात्र सतराव्यापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत केव्हांहि उगवते, आणि कोणाकोणास ती मुळींच येत नाहीं. आपल्या घरांतील लहानमोठ्या भावंडांचे दांत मोजून पाहिले तर हा क्रम विद्यार्थ्यांस सहज पडताळून पाहतां येईल.

परंतु येथें एक अडचण आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडांत वीस दांत असतात, आणि साडेपांच वर्षांच्या मुलाच्या तोंडांतहि बहुधा तेच वीस असतात. बाहेरून पाहणारास दोघांत भेद दिसत नाहीं. खरी वाढ त्या वेळीं जबड्याच्या आंत, हिरड्यांखालीं चाललेली असते. कायमच्या दाताचा माथा आधीं तयार होतो, मग त्याचें मूळ हळूहळू खालीं वाढत जातें. आणि दांत हिरडीबाहेर आल्यानंतरहि तें मूळ पुरें होण्यास आणखी दोन-तीन वर्षें लागतात. १८९५ मध्यें राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरण शोधून काढल्यापासून हें आंतलें काम डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. कोणत्या दाताचा माथा किती झाला आहे, कोणाचें मूळ कोठवर आलें आहे, हें पाहून तज्ज्ञ तें चित्र तक्त्याशीं जुळवितात. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेला लंडन येथील दंतवाढीचा तक्ता आज अशा कामीं पुष्कळ वापरला जातो.

दांतांवरून वय ओळखण्याची कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें नऊ वर्षांखालील मुलांस बहुतेक कापड-गिरण्यांत कामावर घेण्यास बंदी झाली. परंतु त्या काळीं जन्माची सरकारी नोंद नसे. तेव्हां गरिबीनें गांजलेले आईबाप सात वर्षांच्या मुलास नऊ वर्षांचा म्हणून उभा करीत. मुलाची उंची पाहून वय ठरवावें तर तीहि फसवी निघे. १८३७ मध्यें एडविन साँडर्स या दंतवैद्यानें शाळांतील हजारांहून अधिक मुलांचे दांत तपासून असें दाखवून दिलें कीं, उंचीपेक्षां दांतांची साक्ष अधिक खरी आहे. अशा रीतीनें ज्या विद्येचा उपयोग आज मृत बालकांची ओळख पटविण्यास होतो, ती प्रथम जिवंत बालकांस गिरणींतून वांचविण्यासाठीं पुढें आली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां हाडांकडे वळूं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटांत क्ष-किरणांस दिसेल असें एकहि हाड बहुधा नसतें. तेथें केवळ कोंवळी कूर्चा असते. पहिल्या कांहीं महिन्यांत तिच्यांत दोन हाडांचे ठिपके दिसूं लागतात, आणि मग एकामागून एक भर पडत मनगटाचीं आठहि हाडें दिसूं लागण्यास नऊ ते बारा वर्षें लागतात. हातापायांच्या लांब हाडांची गोष्ट निराळी. त्यांचा मधला दांडा व दोन्हीं टोकें आरंभीं वेगवेगळीं असतात, आणि त्यांच्यामधील कूर्चेच्या पट्टींत वाढ होत असते. वाढ संपली म्हणजे ही पट्टी नाहींशी होऊन टोक दांड्यास जुळतें. कोपराजवळचीं टोकें आधीं जुळतात, गुडघ्याचीं व मनगटाचीं पुढें सोळा ते एकोणीस वर्षांच्या सुमारास. आणि गळ्याखालच्या हंसळीच्या हाडाचें छातीकडील टोक सर्वांच्या शेवटीं, विशी उलटल्यावर जुळतें. म्हणून लहान बालकाचें वय दांतांवरून, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचें बहुधा हाडांच्या टोकांवरून अजमावतात.

हें सारें ऐकून कोणास असें वाटेल कीं, वय काढणें हें गणितासारखें आहे. तक्ता पाहावा आणि आकडा लिहावा. तसें नाहीं. एकाच वर्गांत एकाच वयाचीं दोन मुलें बसतात. एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसरें अजून बाळसेदार असतें. मुलींची वाढ मुलांच्या आधीं होते. वयांत येण्याच्या काळीं त्यांचीं हाडें सुमारें दोन वर्षें पुढें असतात. आणि लहान मुलांच्या नुसत्या सांगाड्यावरून तो मुलाचा कीं मुलीचा हेंच खात्रीनें सांगतां येत नाहीं, तेव्हां कोणता तक्ता लावावा हीच पंचाईत पडते. उपासमारीनें व दीर्घ आजारानें हाडांची वाढ मागें पडते. दांतांवर त्यांचा परिणाम त्यामानानें कमी होतो. शिवाय तक्ता कोणाच्या मुलांवरून केला, हेंहि पाहावें लागतें. हाताच्या हाडांचा १९५० चा प्रसिद्ध अमेरिकन तक्ता ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहराच्या बहुतांशीं सुखवस्तु, गोऱ्या घरांतील मुलांवरून तयार झालेला होता. दुष्काळी मुलखांतील मुलास तो जसाच्या तसा कसा लागू पडावा?

म्हणून विचारी तज्ज्ञ एक आकडा सांगत नाहीं. 'इतक्या वर्षांपासून इतक्या वर्षांपर्यंत' असें सांगतो. कित्येकांस हें गुळमुळीत उत्तर वाटतें. वास्तविक तेंच प्रामाणिक उत्तर होय. फिलाडेल्फियाच्या मुलाचेंच पाहा. ८ डिसेंबर २०२२ रोजीं पोलिसांनीं त्याचें नांव जाहीर केलें: जोसेफ ऑगस्टस झरेली. त्याचा जन्म १३ जानेवारी १९५३ चा. म्हणजे मरणसमयीं त्यास चार वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. 'चार ते सहा' या उत्तराच्या अगदीं खालच्या कडेवर सत्य उभें होतें. वैद्यांनीं मधला आकडा उचलून 'मुलगा पांच वर्षांचा' असें ठणकावून सांगितलें असतें, तर तें उत्तर ऐकावयास नेमकें, पण चुकीचें ठरलें असतें.

दुसरें उदाहरण याहून दुःखदायक आहे. ३१ जुलै १९६० रोजीं अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्यांत काँग्रेस नांवाच्या गांवाजवळ एका कोरड्या ओढ्याच्या वाळूंत एका लहान मुलीचा देह सांपडला. दहाच दिवसांपूर्वीं, २१ जुलै रोजीं, शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यांतील अलामोगोर्डो गांवांतून शेरॉन ली गॅलेगोस या चार वर्षांच्या मुलीस पळवून नेलें होतें. ही तीच असेल काय, असा विचार त्या वेळीं झालाहि होता. परंतु सांपडलेली मुलगी वयानें मोठी असावी असें मत पडलें. कपडे व पावलांचे ठसेहि जुळत नाहींत असें ठरलें. आणि शेरॉनचें नांव बाजूस सारलें गेलें. प्रेस्कॉट गांवच्या लोकांनीं त्या परक्या मुलीस आपल्याच लेकरासारखें मूठमाती दिली, पण थडग्यावर घालावयास नांव नव्हतें. मार्च २०२२ मध्यें, एकसष्टांहून अधिक वर्षांनीं, ती शेरॉनच होती हें सिद्ध झालें. नांव पहिल्याच दिवसांत हातीं आलें होतें. अंदाजाच्या बारीक चाळणीनें तें वर अडकवून ठेवलें.

या दोन्हीं बालकांचीं नांवें शेवटीं मिळालीं तीं डी. एन. ए. या आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनें. प्रत्येकाच्या शरीरांत आईबापांकडून आलेलें हें द्रव्य असतें. त्यावरून नातेवाईक शोधतां येतात. वयाच्या बाबतींतहि एक नवी रीत निघाली आहे. १९५५ ते १९६३ या काळांत उघड्या हवेंत झालेल्या अणुबाँबच्या स्फोटांनीं वातावरणांतील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, आणि चांचणीबंदीच्या १९६३ च्या करारानंतर तो हळूहळू कमी होत गेला. दातावरचें कवच एकदां बनलें म्हणजे बदलत नाहीं. म्हणून तें बनतांना हवेंत हा कार्बन किती होता, याची खूण त्यांत कायम राहते. २००५ मध्यें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं या खुणेवरून जन्माचें वर्ष सरासरी दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकानें सांगतां येतें असें दाखविलें. पण येथेंहि 'फरकानें' हा शब्द आहेच.

आपल्या देशांतहि हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. एखादा मुलगा अल्पवयीन आहे कीं नाहीं, यावर त्याला बालकांच्या कायद्याचें संरक्षण मिळावयाचें कीं नाहीं हें अवलंबून असतें. क्ष-किरणांनीं काढलेल्या वयांत दोन्हीं बाजूंस दोन वर्षांचा फरक पडूं शकतो, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ च्या एका निकालांत म्हटलें आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें तर क्रमच लावून दिला आहे: आधीं शाळेचा अथवा शालान्त परीक्षेचा जन्मतारखेचा दाखला पाहावा, तो नसल्यास नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्हीं नसतील तेव्हांच हाडांची परीक्षा करावी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेंहि हाडांपेक्षां कागद श्रेष्ठ आहे.

परंतु तो कागद खरा असला पाहिजे. महाराष्ट्रांत १ जून रोजीं जन्मलेल्यांची संख्या किती मोठी दिसते, हें कोणत्याहि शाळेचें जुनें रजिस्टर उघडल्यास कळेल. एवढीं सारीं बालकें खरोखर त्या दिवशीं जन्मलेलीं नसतात. मूल शाळेंत घालतेवेळीं तारीख आठवली नाहीं, म्हणून शाळेचें वर्ष सुरू होण्याच्या सोईनें ती लिहिली गेली. घरांत हा थट्टेचा विषय होतो; न्यायालयांत किंवा हरवलेल्या मुलाच्या शोधांत तो थट्टेचा राहत नाहीं.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, मुलाच्या जन्माची नोंद वेळींच करावी, दाखला जपून ठेवावा, त्याची उंची, अंगावरच्या खुणा व दंतवैद्याचे कागद हाताशीं असावेत, आणि दरवर्षीं त्याचें एक छायाचित्र काढून मागें तारीख लिहावी. विद्यार्थ्यांनीं यांतून दुसरा धडा घ्यावा. जेवढें ठाऊक आहे तेवढेंच सांगावें, आणि संशय किती आहे हेंहि त्याबरोबर सांगावें. प्रयोगशाळेंत माप घेतांना, परीक्षेंत उत्तर लिहितांना, पुढें न्यायालयांत साक्ष देतांना हा नियम सारखाच उपयोगीं पडेल. जोसेफच्या थडग्यावर त्याच्या सत्तराव्या जन्मदिवशीं, १३ जानेवारी २०२३ रोजीं, नांव कोरलेली नवी शिळा बसविण्यांत आली. पासष्ट वर्षें उलटूनहि तें नांव कोरतां आलें, कारण त्याच्या जन्माच्या वेळीं कोणीतरी कचेरींत बसून तें खरें खरें लिहून ठेवलें होतें.