घरातील साठवणयंत्राची जोडणी व तिचा वेग

क्षेत्राभ्यासात जमविलेली ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांची छायाचित्रे इत्यादी सामग्री आज पुष्कळ अभ्यासक घरीच साठवितात. ती घरातील सर्व संगणकांना उपलब्ध व्हावी म्हणून ‘नॅस’ या नावाने ओळखले जाणारे साठवणयंत्र वापरण्यात येते. एक वा अधिक डिस्क असलेला हा एक स्वतंत्र, लहानसा संगणकच होय. यंत्र उत्तम असूनही काम मंद चालते, अशी तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. तिची कारणमीमांसा येथे करावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंटरनेटची अधिक वेगाची जोडणी घेतल्याने हे काम जलद होत नाही. संगणक व साठवणयंत्र एकाच घरात असता त्यांच्यामधील माहिती घराबाहेर जातच नाही. वेग ठरतो तो घरातील मार्गावरून. आणि त्या मार्गाचा जो भाग सर्वांत अरुंद, त्याचाच वेग संपूर्ण मार्गाला प्राप्त होतो.

जोडणीचा वेग बिटांत सांगतात, फाइलींचे आकारमान बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो. १९९९ साली प्रमाणित झालेल्या तारेवरील गिगाबिट इथरनेटचा वेग सेकंदास १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट. जुन्या फास्ट इथरनेटचा वेग याच्या एकदशांश, म्हणजे १२.५ मेगाबाइट. ५०० गिगाबाइटांचा संग्रह उतरवून घेण्यास पहिलीवर सुमारे सव्वा तास, तर दुसरीवर अकरा तासांहून अधिक काळ लागतो.

या तारेत तांब्याच्या चार जोड्या असतात. फास्ट इथरनेटला दोन पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली तरी जोडणी बंद पडतेच असे नाही. पुष्कळदा ती मुकाट्याने १०० मेगाबिटांवर उतरते आणि दोष लक्षात येत नाही. म्हणून यंत्राच्या व्यवस्थापन-पृष्ठावर जोडणीचा वेग पाहावा. तो १०० दिसल्यास तार बदलावी. ‘कॅट ५ई’ प्रतीची तार १०० मीटरपर्यंत पुरेशी आहे. राउटरच मंद असेल, तर गिगाबिट स्विच आणून यंत्र व संगणक दोन्ही त्यालाच जोडावेत. वाय-फायचा वेग सर्व उपकरणांत वाटला जातो. तेव्हा निदान साठवणयंत्र तरी तारेनेच जोडलेले असावे.

वेगाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवल्याने एक डिस्क बिघडली तरी संग्रह वाचतो. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच नाहीशी होते. यास्तव दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे अवश्य आहे. अकरा तासांचे काम माणूस उद्यावर ढकलतो. सव्वा तासाचे आजच उरकतो. ज्या गायिकेचे वा निवेदकाचे मुद्रण पुन्हा होणे शक्य नाही, त्याच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरू शकतो.